हरकत काकू आणि आम्ही पेटवलेली होळी

आमच्या ग्रामसभेत ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द कधी पुरे उच्चारले जायचे नाहीत. ग्रामसेवक ‘सर्वानु’पर्यंत पोचला की देवळाच्या खांबाजवळून, बायकांच्या रांगेतून आवाज यायचा, “माझी हरकत हाय. लिहून घ्या.” आवाज मोठा नव्हता, पण त्यात घाई नव्हती. घाई नसलेल्या माणसाची सभेला फार भीती वाटते. ग्रामसेवक पेन खाली ठेवायचा, सरपंच मान वर करून देवळाचं छत न्याहाळायचे आणि मागून कुणीतरी खोडी काढायचं, “काकू, चहाला तरी हरकत न्हाई ना?” काकू शांतपणे म्हणायच्या, “चहाला न्हाई. पन तो कोनी मंजूर केला तेवढं सांगा.”

गावाने त्यांचं नाव हरकत काकू ठेवलं होतं. खरं नाव पोस्टाच्या पाटीखाली लिहिलेलं होतं, पण ते कुणाच्या तोंडात नव्हतं. शेवगावपासून आत, जिथे काळी जमीन संपून मुरमाड सुरू होतं, तिथे आमचं गाव. गावचं पोस्ट काकूंच्याच पडवीत होतं. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी शिक्का मारला, टपाल वाटलं, ज्यांना वाचता येत नाही त्यांना पत्र वाचून दाखवलं. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन कोपरगावला गेली. निवृत्त झाल्यावर पोस्ट दुसरीकडे हललं, पण पोस्टाची सवय काकूंच्या अंगातून गेली नाही. कुठलाही कागद हातात आला की त्या आधी उलटा करून बघायच्या, मग तारीख बघायच्या, मग वाचायच्या.

त्यांच्या घरात बसायला जागा नव्हती, हे खरं आहे. पलंगाखाली पत्र्याच्या पेट्या, माळ्यावर गाठोडी, उतरंडीच्या मडक्यांत धान्याऐवजी कागद. दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच, प्रत्येक ठरावाची नक्कल, बंद पडलेल्या दिव्याच्या तक्रारी, शाळेच्या गळक्या पत्र्याच्या तक्रारी. सगळं वर्षाप्रमाणे लावून सुतळीने बांधलेलं. मुलगी दिवाळीला आली की कपाळाला हात लावायची. “आई, एकदा पेटवून दे हे सगळं. घरात श्वास घ्यायला जागा नाही.” काकू म्हणायच्या, “श्वास मी पडवीत घेती. तू तुजं बोल.”

मी त्यांच्या हाताखाली तयार झाले. हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिणं खोटं होईल. नगरला कॉलेजात असताना मी संघटनेची पत्रकं लिहायचे. पहिलं पत्रक मोठ्या अभिमानाने काकूंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बोट ठेवत वाचलं आणि एका ओळीवर थांबल्या. “‘काही लोकांनी गावाचं नुकसान केलं.’ हे काही लोक कोन, सुषमे?” मी म्हणाले, “काकू, सगळ्यांना माहितीये कोण ते.” “मग लिहायला काय झालं? ज्याचं नाव लिहायची छाती न्हाई त्याची तक्रार करू नये.” मी घरी येऊन ते पत्रक फाडलं आणि नाव घालून नव्याने लिहिलं. त्यानंतर माझं एकही पत्रक त्यांच्या बोटाखालून गेल्याशिवाय छापलं गेलं नाही. एक सोडून. त्या एकाची ही गोष्ट आहे.

काकूंच्या घरामागे खालची वस्ती. तिथली घरं दसऱ्यानंतर कुलूप लावून ऊसतोडीला जातात, कुणी कोपरगावकडे, कुणी त्याच्याही पलीकडे, आणि उन्हं तापली की परत येतात. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला वस्तीतलं कुणीही नसतं. त्या सभेत काकूंची हरकत ठरलेली असायची. “समदी वस्ती उसाच्या फडात हाय. त्यांना इचारलं का? न्हाई इचारलं. मग हे सर्वांचं मत कसं झालं?” वस्तीला प्यायला एकच विहीर, नाल्याच्या काठची. फार वर्षांपूर्वी एका कडक उन्हाळ्यात ती आटली. तेव्हा काकू नाल्याच्या वरच्या अंगाला जमीन असलेल्या चौदा खातेदारांच्या दारात गेल्या आणि प्रत्येकाकडून लिहून घेतलं, की वरच्या अंगाला कुणी बोअर घेणार नाही. काहींच्या सह्या, काहींचे अंगठे. ग्रामसभेने तोच ठराव केला. मूळ कागद काकूंकडे राहिला, कारण पंचायतीच्या कपाटाला कुलूप नव्हतं. विहीर तेव्हापासून टिकली. वस्तीतल्या बायका फडावरून आल्या की आधी विहिरीवर जायच्या, आणि मग घराचं कुलूप काढायच्या.

मी शिक्षण संपवून गावात परतले तेव्हा मला वाटत होतं, गाव फक्त मनाने मागे आहे. तालुक्यात चांगल्या गावांची स्पर्धा लागली होती आणि आम्ही पोरापोरींनी ती मनावर घेतली. समितीचे अध्यक्ष म्हणून बागेवाल्या दादांना बसवलं. दादांची नाल्याच्या वर डाळिंबाची बाग. माणूस गोड बोलणारा, कामाला पैसा देणारा, झाडू हातात घ्यायला न लाजणारा. हे सगळं खरं आहे आणि पुढे जे झालं तेही खरं आहे. दोन्ही एकाच माणसात असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दादांनी टेम्पो काढून आम्हाला हिवरे बाजार बघायला नेलं. काकूही आल्या, पुढच्या सीटवर, पिशवीत वही घेऊन. आम्ही झाडं बघितली, रस्ते बघितले, फोटो काढले. काकू पाण्याच्या हिशेबाच्या पाटीसमोर उभं राहून तासभर वहीत उतरवत बसल्या. परतताना टेम्पोत दादा म्हणाले, “बघितलं का, माणसं किती आनंदी आहेत तिथली. कुणी कुरकुर करत नाही.” काकू खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, “त्यांनी आधी बोअर बंद केलं दादा, म्हनून झाडं हायेत. तुमी नुसती झाडं बघून आलात.” टेम्पोत सगळे हसले. मीही हसले. मला आठवतं, मला जरा रागही आला होता. एवढा चांगला दिवस, आणि ही बाई त्यात खडा टाकते असं वाटलं.

मग शहरातून एक व्याख्याते आणले. पांढरा सदरा, कानाला माईक. ते म्हणाले, घरातली अडगळ ही मनातली अडगळ असते. जी वस्तू वर्षभर वापरली नाही ती टाका, जी तक्रार वर्षभर सुटली नाही तीही टाका. जुनं धरून ठेवणाऱ्याच्या घरी नवं येत नाही. लोकांना पटलं. मला तर इतकं पटलं की मी त्याच रात्री पत्रक लिहून टाकलं आणि पहिल्यांदाच काकूंना न दाखवता छापायला दिलं. ‘घरातली अडगळ काढू, मनातला नकार सोडू, गावाची नवी सुरुवात करू.’ होळीला सगळ्यांनी आपली अडगळ आणि आपला एकेक तंटा कागदावर लिहून आणायचा आणि आगीत टाकायचा, अशी माझीच कल्पना होती. अडगळ होळीत जातेच आमच्याकडे. मी त्यात फक्त माणसांच्या तक्रारी घातल्या.

स्पर्धेच्या अर्जात एक रकाना होता, गावातील प्रलंबित तक्रारी. बांधाची दोन भांडणं होती, ती मिटली. उरल्या नऊ. नऊच्या नऊ काकूंच्या. समितीच्या बैठकीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादा म्हणाले, “सुषमाताई, तुमचं ऐकतील त्या. आम्ही गेलो तर लिहून घ्या म्हणतील.”

मी गेले. दुपार होती, काकू पडवीत सूप घेऊन तूर पाखडत होत्या. माझं पत्रक त्यांच्याकडे आधीच पोचलं होतं, पेटीवर घडी घालून ठेवलेलं.

“चांगलं छापलंय,” त्या म्हणाल्या. “कोनी काय सोडायचं ते लिहायचं राहिलं.”

मी म्हणाले, “काकू, सगळ्यांनीच सोडायचं.”

“दादांनी काय सोडलं?”

“त्यांनी बांधाचं भांडण सोडलं ना.”

“बांध त्यांच्याकडंच राहिला. भांडान सोडलं.” सूप थांबलं नव्हतं. “बरं, फुडं बोल.”

पुढे मी जे बोलले ते मला शब्दाशब्दाने आठवतं, आणि ते कुणी माझ्यासाठी लिहून दिलेलं नव्हतं. मी म्हणाले, “काकू, तुम्ही वाईट नाही, पण तुम्ही सतत नाही म्हणता. लोक तुम्हाला बघून रस्ता बदलतात. तुमची मुलगीसुद्धा घरात राहत नाही. तुमच्या या कागदांमुळे गाव पुढे जात नाही, काकू.” हे मी त्या बाईला सांगत होते जिने मला नाव लिहायला शिकवलं होतं.

सूप थांबलं. काकूंनी तुरीतला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग त्यांनी विचारलं, “गाव म्हनतंय का तू म्हनतीस?”

“मीच म्हणतेय.”

“मग ठीक हाय,” त्या म्हणाल्या. “गावाचं मी ऐकलं नसतं.”

होळीच्या दिवशी काकूंनी गाठोडी स्वतः आणली. आम्ही उचलू लागलो तर नको म्हणाल्या. चार खेपा केल्या. प्रत्येक गाठोड्याची सुतळी सोडून त्या बाजूला गुंडाळून ठेवत होत्या, “सुतळी चांगली हाय, कशाला जाळायची” म्हणत. मग कागद आगीत. टाळ्या वाजल्या. दादांनी नारळ दिला, शाल घातली. कुणीतरी म्हणालं, “काकू, आता हरकत संपली,” आणि काकू हसल्या. त्या हसल्याचा फोटो आहे माझ्याकडे. तो स्पर्धेच्या अर्जाला पहिल्या पानावर लावला होता. त्या ढिगात चौदा सह्यांचा कागदही होता. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. विचारायचं काम माझं होतं.

आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. एक ढाल आणि प्रमाणपत्र. पंचायतीच्या भिंतीवर अजून आहे.

पाडवा झाला आणि चौथ्या दिवशी दादांच्या बागेत बोअरची गाडी आली. दोन बोअर, वरच्या अंगाला. आवाज तीन दिवस गावभर येत होता. मी काकूंकडे धावले. त्या पडवीत बसल्या होत्या. मागे घर मोकळं, सारवलेलं, पलंगाखालून आरपार दिसत होतं. इतकी जागा मी त्या घरात कधी पाहिली नव्हती. मी म्हणाले, “काकू, तो ठराव?” त्या म्हणाल्या, “तू हुतीस ना तिथं. जळताना बघितलास की.” यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

पंचायतीत जुनी वही मागितली. ग्रामसेवक नवा होता. त्याने कपाटं दाखवली. आमच्याच मोहिमेत कार्यालय साफ करताना जुनं दप्तर रद्दीत गेलं होतं, आणि रद्दी भरायला टेम्पोत मी स्वतः हात लावला होता. मग मी दादांकडे गेले. ते चहा पाजून म्हणाले, “ताई, मी सही केली होती हे मलाच आठवत नाही बघा. आणि पिण्याच्या विहिरीपासून कायद्यात जेवढं अंतर आहे त्याच्या बाहेरच आहेत माझी बोअर. जुनं उगाळत बसायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत.” ते चिडले नव्हते. मला आजही सिद्ध करता येणार नाही की त्यांनी हे आधीपासून ठरवलं होतं. कदाचित नसेलही. कदाचित कागद नाही म्हटल्यावर त्यांच्या मनातली अडगळसुद्धा खरोखरच निघून गेली असेल. चौदातले सहा वारले. दादा सोडून उरलेल्या सातांनीही मला तेच उत्तर दिलं, प्रत्येकाने आपापल्या गोडीने.

वस्ती परत आली तेव्हा विहिरीत चिखल होता. बायका नेहमीप्रमाणे आधी विहिरीवर गेल्या आणि काठावर उभ्या राहिल्या. मला बघून एकीने विचारलं, “ताई, काकू काय करत हुत्या गं? त्यांनी हरकत न्हाई घेतली?” मी म्हणाले, “आम्ही त्यांना घेऊ दिली नाही.” तिला ते कळलं नाही. ती टँकरच्या रांगेत भांडं ठेवायला गेली.

एक मेच्या ग्रामसभेत टँकरचा ठराव आला. ग्रामसेवक ‘सर्वानुमते मंजूर’ म्हणाला आणि ते शब्द पुरे झाले. सगळ्यांनी खांबाकडे बघितलं. काकू बसल्या होत्या, पदर खांद्यावरून घेतलेला, हात मांडीवर. सभा पाच मिनिटांत संपली. सरपंचांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “अरे, लवकर झालं की.”

जूनमध्ये मुलगी येऊन त्यांना कोपरगावला घेऊन गेली. एक पिशवी, एक गोधडी. स्टँडवर सोडायला मी येते म्हणाले तर म्हणाल्या, “कशाला, सामान न्हाईच काय.”

पावसाळ्यात विहिरीला दोन परस, म्हणजे दोन माणसं बुडतील एवढं, पाणी आलं. पण बोअर चालूच आहेत, उन्हाळ्यापर्यंत ते टिकणार नाही. वस्तीतले दोन-तीन जण म्हणतात, या वेळी फडावर गेलो की परत यायचं नाही, तिकडेच कुठेतरी खोली बघू. पाणी नसलेल्या गावात परत यायला काय आहे, असं मला त्यांनी विचारलं. मी तहसील कचेरीत अर्ज केला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, गावाचा आपसातला ठराव होता म्हणता, तर कागद आणा. कागद नसेल तर ज्याच्यासमोर झाला तो माणूस आणा. त्यांनी दसऱ्याच्या आधीची तारीख दिली. ती चुकली तर, वस्ती गेल्यावर अर्जाला कोण उभं राहणार.

म्हणून मी गेल्या आठवड्यात कोपरगावला गेले. मुलीचं घर स्वच्छ, बैठं, पुढे फाटक आणि तुळस. मुलगी दारातच म्हणाली, “आई आता किती शांत झाली बघ. जेवते, झोपते. कशात लक्ष घालत नाही. तुम्ही लोकांनी चांगलं केलंत, सुषमा.” ती मनापासून म्हणाली.

काकू ओट्यावर मेथी निवडत होत्या. माझ्या घरच्यांची चौकशी केली, माझ्या लग्नाची केली. गावाची केली नाही. मी तहसीलचं सांगितलं. म्हणाले, “काकू, तुम्ही नुसतं येऊन उभ्या राहा. चौदा जण कोण होते, काय ठरलं, एवढंच सांगा. तुम्हाला तर सगळं पाठ होतं.”

“हुतं,” त्या म्हणाल्या.

“मग?”

त्यांनी मेथीची एक काडी मोडली, पानं इकडे, देठ तिकडे. “सुषमे, कागद जळाय घटकाभर लागला. डोक्यातलं काढाय मला सगळा उन्हाळा गेला. रोज थोडं थोडं काढलं. आधी तारखा गेल्या. मग नावं गेली. लई जड गेलं. पन तू म्हनलीस म्हनून काढलं, आन् आता निघालंय. परत भरायला सांगू नगस.”

मी म्हणाले, “काकू, वस्तीतल्या बायका...”

“त्यांची नावं पन काढली,” त्या म्हणाल्या. “ती शेवटाला निघाली.”

मुलीने चहा आणला, तो मी प्यायले. बसची वेळ झाली म्हणून उठले आणि काकूंच्या पाया पडले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, पूर्वीसारखाच, जरा जोराने. मग परत मेथी जवळ ओढली.

“जाताना फाटक नीट लावून घे,” त्या म्हणाल्या. “कुत्री आत येत्यात.”